वेताची पेटी, चाकांसकट

आपल्या भाषेत माणूस सहसा मरत नाही. तो जातो, वारतो, आटोपतो, आपल्यात राहत नाही, आणि अगदीच जवळचा असेल तर त्याचं नुसतं काही बरंवाईट होतं. त्या बरंवाईटातलं बरं कोणतं, हे आजवर कुणी सांगितलेलं नाही. नकाशेकाकांना या सगळ्या प्रकाराची भारी चीड होती. माणूस मरतो तर मरतो म्हणावं, एवढं साधं त्यांचं म्हणणं, आणि ते त्यांनी घरात बोलून दाखवलं की काकू म्हणायच्या, "दूध बघते हं," आणि उठून स्वयंपाकघरात जायच्या.

नकाशे हे काकांचं आडनाव नव्हे. पाणीपुरवठा खात्यात जन्मभर ड्राफ्ट्समन म्हणून पाइपलाइनींचे नकाशे काढून ते निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर पाइप संपले, पण हाताची सवय काही संपली नाही. घरी आलेल्या पाहुण्याने बाथरूम कुठे विचारलं तर बोट न दाखवता ते कागद पुढे ओढायचे. फ्रिजच्या दारावर फ्रिजच्या आत काय कुठे आहे याचा नकाशा चिकटवलेला होता, उत्तर दिशेच्या बाणासकट. तेव्हा बिल्डिंगने त्यांचं परस्पर बारसं उरकून टाकलं, आणि काकांनीही ते नाव एखाद्या पदवीसारखं लावून घेतलं.

सगळ्याची सुरुवात झाली ती त्यांच्या खात्यातल्या, त्यांच्यासारख्याच ख्रिस्ती असलेल्या जुन्या सुपरिंटेंडेंटांच्या दफनापासून. सुपरिंटेंडेंट हयातभर दोन खोल्यांत राहिले. मुलांनी त्यांना कधी नवी चप्पल घेऊन दिल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. पण निघताना मात्र त्यांना अशी पेटी मिळाली की काय विचारता. आरशासारखं पॉलिश, पितळी कड्या, आत गुलाबी सॅटिनची गादी, उशी वेगळी. खड्डा म्हणाल तर चारी बाजूंनी सिमेंट काँक्रीटचा. जमलेले लोक हळहळत असताना काकांनी वाकून गिलावा पाहिला आणि शेजारच्याला सांगितलं की खात्याच्या एकाही टाकीला इतकं चोख वॉटरप्रूफिंग झालेलं नव्हतं. शेजारी सुपरिंटेंडेंटांचा मोठा मुलगा होता. त्याला ते अभिनंदन वाटलं आणि त्याने मान लववली.

"ह्याला काय माती देणं म्हणायचं?" घरी येऊन काका म्हणाले. "मातीपासून वाचवलाय त्याला. एक थेंब आत जायचा नाही. बिचारा मिसळणार कधी?"

काकू दूध बघायला गेल्या.

झालं. काकांच्या डोक्याने घेतलं ते घेतलंच. आपलं काम मातीला धरून व्हायला हवं. पॉलिश नको, रंग नको, खिळा नको, सिमेंट तर नकोच नको. वेताची हलकी पेटी, अंगावर सुती चादर आणि वर एक झाड. पृथ्वीकडून जे उसनं आणलं ते तिचं तिला परत, वर पावतीही नको. दोन दिवसांत जेवणाच्या टेबलावर संपूर्ण आराखडा तयार झाला. वरून दिसणारा नकाशा, बाजूने दिसणारा नकाशा, आणि मधोमध कापून दाखवलेला छेद. त्या छेदात खुद्द काका आडवे पडलेले होते, मिशीसह, चष्मा लावून. नोकरीत त्यांनी कधी अर्धवट नकाशा दिला नव्हता. काकूंनी ताटं मांडताना तो कागद उचलला, थोडा वेळ हातात धरला, घडी न घालता बाजूला ठेवला आणि आत गेल्या. त्या महिन्यात त्या घरात जेवढं दूध तापलं तेवढं मुलगी लहान असतानाही तापलं नव्हतं.

इथेच घोडं पेंड खात होतं. काकांना जगाची परवानगी नको होती, काकूंची हवी होती. नकाशा कितीही बिनचूक असला तरी मालक साइटवर हजर नसला की ठेकेदार मनाला येईल ते करतो, हे त्यांनी नोकरीत पुरेपूर पाहिलं होतं. या कामात तर मालक साइटवर हजर असूनही त्याला बोलता येणार नव्हतं. तेव्हा काकूंनी फक्त एकदा समोर बसावं, ऐकून घ्यावं आणि "बरं, तसंच करू" म्हणावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. नाहीतर आपल्यालाही एक दिवस गुलाबी सॅटिनमध्ये गुंडाळून टाकीत सोडतील, ही धास्ती त्यांना खरोखर बसली होती.

बायको ऐकत नाही म्हणून त्यांनी मुलीला फोन लावला. मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, बाबा रात्री झोप नीट लागते का एवढंच विचारलं, आणि संध्याकाळी एका समुपदेशकाचा नंबर पाठवून दिला. आपल्याकडे माणूस लग्नाचा हॉल वर्षभर आधी ठरवतो तेव्हा तो व्यवस्थित, आणि जे नक्की होणार आहे त्याची तयारी करतो तेव्हा तो आजारी. समुपदेशकाने फोनवर काकांना आयुष्याकडे पाहायला सांगितलं. काका म्हणाले, पाहतोच आहे, शेवटपर्यंत पाहिलंय, म्हणून तर नकाशा काढला.

मग काका नगरपालिकेच्या दफनभूमी कार्यालयात गेले. आपलं सरकारी खातं, आपलीच माणसं, दहा मिनिटांत काम होईल असा त्यांचा समज होता. इतकी वर्षं सरकारी नोकरी करूनही माणसाचा असा समज राहतो, यावरून आशा किती चिवट असते ते दिसतं. खिडकीतल्या कारकुनाने मान खाली ठेवूनच विचारलं, मयत कोण? काका म्हणाले, मी. आणि अर्जदार? तोही मीच. कारकुनाने अजूनही मान वर केली नाही. अर्जदार आणि मयत ही एकच व्यक्ती चालत नाही, त्याने सांगितलं, दोन वेगवेगळ्या लागतात, आणि त्यातली निदान एक जिवंत लागते. काका म्हणाले, जिवंत आहे की. मग मयत आणा, कारकून म्हणाला.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण काकांनी झाडाचा विषय काढला. दफनभूमीत झाड लावायला बंदी होती, कारण मुळं शेजारच्यांच्या हद्दीत जातात आणि नातेवाईक तक्रार करतात. झाडांचं काम उद्यान विभागाकडे. उद्यान विभाग दोन मजले वर. तिथल्या अधिकाऱ्याने मात्र काकांना खुर्ची दिली. झाडं लावणारे नागरिक हल्ली कुठे मिळतात, असं कौतुकही केलं, आणि मुळाशी खत काय घालणार ते विचारलं. काकांनी खरं ते सांगितलं. अधिकाऱ्याने आपली खुर्ची हळूच भिंतीपर्यंत मागे नेली. मिळून निष्कर्ष असा निघाला, की एका विभागाच्या झाडाखाली माणूस चालत नव्हता आणि दुसऱ्या विभागाच्या माणसावर झाड चालत नव्हतं. काकांनी दोन्ही विभागांची संयुक्त बैठक सुचवून तिचा आसननकाशाही तिथल्या तिथे काढून दिला. खाली उतरल्यावर तो खिडकीतला कारकून प्रथमच मान वर करून मायेने म्हणाला, की काका, कशाला एवढी धावपळ करता, घरचे बघतील की, काम पसंत पडलं नाही म्हणून आमच्याकडे आजवर एकही मयत परत आलेला नाही.

सरकार राहू दे, निदान पेटी तर करून ठेवू, असं ठरवून काका वेताच्या कारखान्यात गेले. कारखाना कसला, एक लांबट पत्र्याची शेड. एका पिंपात वेत भिजत पडलेला, एक कारागीर ज्योतीवर वेत शेकून वाकवतोय, दुसरा खुर्चीच्या पाठीला वीण घालतोय, वर छताला झोपाळे टांगलेले. मालक स्वतः पट्टी घेऊन गिऱ्हाइकांकडे बघत होता. काकांनी रिक्षात बसून "शवपेटी" हा शब्द चारदा स्पष्ट म्हणून पाहिला होता. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं होतं. तेव्हा तयारीत काही कसूर नव्हती. पण आत आले तर समोर एक गरोदर मुलगी आपल्या आईबरोबर पाळणा पसंत करत उभी. पाळण्याला हात लावून ती हसली, आणि मालकाने काकांकडे वळून विचारलं, "बोला साहेब, काय बनवायचंय?"

काकांनी तोंड उघडलं. आणि मृत्यूविषयी समाजाने मोकळेपणाने बोलावं असं समाजाला सुनावणारा तो माणूस म्हणाला, "रजया ठेवायला पेटी."

मग नकाशा दाखवणं आलं. काकांनी वरचं शीर्षक दुमडून मागे घातलं, छेदाचा कागद खिशात कोंबला आणि उरलेला भाग पुढे केला. मालकाने तो उलटसुलट करून पाहिला. रजयांच्या मानाने फार लांब आणि फार अरुंद होतेय, असं तो म्हणाला. काकांनी सांगितलं की आमच्या घरी रजया घडी घालत नाहीत. पाळणेवाल्या मुलीच्या आईने त्यांच्याकडे वळून पाहिलं. काकांनी खिळा, पॉलिश, रंग काही नको एवढं मात्र ठासून बजावलं आणि काढता पाय घेतला. रस्त्यावर आल्यावर त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की परतीच्या रिक्षात ते एक अक्षर बोलले नाहीत. रिक्षा मात्र तीच होती.

पेटी आली तेव्हा टेम्पोतून आधी चाकं दिसली. चार चाकं, काळ्या प्लॅस्टिकची. खिळा नको म्हटल्यामुळे ती प्लॅस्टिकच्याच दोरीने बांधलेली. मालकाने मोठ्या प्रेमाने निरोप पाठवला होता की भरलेली पेटी जड होते, वहिनींना केर काढताना सरकवायला सोपं जावं म्हणून चाकं आपल्याकडून भेट. शिवाय रजया फुगून झाकण वर येऊ नये म्हणून पुढे एक कडी, आपोआप बसणारी, तीही भेट. पृथ्वीला आपलं उसनं परत करायला निघालेल्या माणसाच्या पेटीला पाचशे वर्षं न कुजणारी चाकं लागली होती, आणि त्यावर तक्रार करायची सोय नव्हती, कारण रजयांना चाकांचं वावडं असण्याचं काही कारण काकांना सुचेना.

पेटी लिफ्टमध्ये आडवी मावेना आणि उभी घुसेना. जिन्याच्या वळणाचा नकाशा काढून होईपर्यंत टेम्पोवाले निघून गेले. तेव्हा पेटी राहिली तळमजल्यावर, पार्किंगमध्ये, सेक्रेटरींच्या स्कूटरशेजारी. सेक्रेटरी म्हणजे आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी. पाण्याच्या टाकीचं झाकण उघडं राहिलं की ते पत्र लिहीत आणि बंद राहिलं की परिपत्रक काढत. त्यांनी पेटीभोवती एक फेरी मारून विचारलं, हे काय? काका म्हणाले, रजया. विमा एजंट खाली आले, त्यांनाही रजया. योगाच्या क्लासवाल्या बाईंना रजया. वॉचमनला तर न विचारता रजया. एकदा तोंडातून निघालं की त्या शब्दाला जागावं लागतं.

दुपारी बिल्डिंग जेवून सुस्तावली तेव्हा काका खाली उतरले. वॉचमन फाटकाशी स्टुलावर डुलक्या घेत होता. इकडेतिकडे बघून काकांनी चपला काढल्या, झाकण वर केलं आणि आत जाऊन आडवे झाले. म्हणजे होऊ लागले. डोकं टेकलं तर पाय मावेनात, पाय लांब केले तर टाळू वेतावर आदळे. शेवटी गुडघे उंच करून, मान छातीला लावून ते कसेबसे बसले. बसले म्हणजे पडले. आणि त्या अवस्थेत त्यांना उमगलं की चूक कुठे झाली. पाइपाचं माप आतून घेतात. आत किती मावतं त्याला महत्त्व. आयुष्यभर काकांनी नकाशावर लिहिलेला प्रत्येक आकडा आतला होता, आणि तो आतला आहे हे वेगळं लिहायची पाणीखात्यात पद्धत नव्हती. वेतवाले माप बाहेरून घेतात, कारण वस्तू गिऱ्हाइकाच्या दारातून आत जायला हवी. डोक्याकडची दुहेरी वीण, पायाकडची दुहेरी वीण आणि वर काठाची जाड गुंडाळी एवढ्यात काकांची उंची खर्ची पडली होती. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर ही चूक व्हावी, आणि ती स्वतःच्याच बाबतीत व्हावी, हे त्यांच्या फारच जिव्हारी लागलं. ते उठायला गेले, डोकं झाकणाला लागलं, झाकण खाली आलं आणि भेट म्हणून मिळालेली कडी टक्कन बसली.

गुदमरण्याचा प्रश्न नव्हता. वेताचा हा गुण मानायला हवा. प्रश्न अब्रूचा होता. काकांनी आधी हळू हाक मारली, मग जरा मोठ्याने, मग वॉचमनला त्याच्या पूर्ण नावाने. वॉचमन जागा झाला. पेटीत रजया आहेत हे त्याला पक्कं माहीत होतं. रजया आपल्याला नावाने हाक मारताहेत म्हटल्यावर तो जो सुटला तो थेट सेक्रेटरींच्या दारात जाऊन थांबला.

सेक्रेटरी आले, एजंट आले, योगाच्या बाई आल्या. सेक्रेटरींनी कडीवर उजेड पडावा म्हणून पेटी जरा ओढली, आणि चाकांनी आपला गुण दाखवला. पार्किंगमधून फाटकापर्यंत उतार आहे. पाणी तुंबू नये म्हणून तो उतार काकांनीच सोसायटीला आखून दिला होता, आणि त्याचं त्यांना कौतुक होतं. पेटी शांतपणे, जराही न डगमगता, उतारावरून गेली, एजंटांच्या गाडीला वळसा घालून फाटकावर टेकली. मागून सगळे धावले. तीन हात एकदम कडीवर पडले.

"आत कोण आहे?" सेक्रेटरींनी विचारलं.

"मी आहे."

"तुम्ही तर रजया म्हणाला होतात."

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. गुडघे नाकाशी, मान मुडपलेली, अब्रू फाटकाशी. काकांनी एक मोठा श्वास घेतला आणि वेताच्या जाळीतून स्पष्ट सांगितलं, "ही माझी शवपेटी आहे."

तीनही हात एकदम मागे झाले. आत्ता जी कडी काढायला धडपड चालली होती तिच्याकडे कुणी बोटही नेईना. रजयांची पेटी कुणीही उघडली असती. सेक्रेटरी म्हणाले, एजंट, तुम्ही काढा. एजंट म्हणाले, माझ्या खांद्याचं दुखणं आहे. योगाच्या बाई दीर्घ श्वास घेऊ लागल्या. वॉचमन फाटकाच्या बाहेर उभा राहून आत बघत होता. आत जिवंत माणूस आहे, तो बोलतो आहे, त्याला पाठीत कळ आली आहे, हे सगळ्यांना कळत होतं. पण शब्द उच्चारला गेला होता, आणि त्या शब्दाला हात लावायची कुणाची तयारी नव्हती. काकांना एवढं एकटं कधी वाटलं नव्हतं.

मग जिन्यावरून काकूंच्या चपलांचा आवाज आला. त्या गर्दीतून पुढे आल्या, कडी काढली, झाकण वर केलं आणि हात पुढे केला. काकांना उठवून त्यांनी त्यांच्या पाठीवरची वेताची कुसळं झटकली, चपला पायाशी सरकवल्या आणि म्हणाल्या, "चहा गार होतोय." काका सगळ्यांच्या देखत त्यांच्यामागून जिना चढले.

संध्याकाळी कमिटीची तातडीची बैठक झाली. योगाच्या बाईंनी सांगितलं की तळमजल्यातून वाईट लहरी वर येत आहेत आणि त्यांना तिसऱ्या मजल्यापर्यंत जाणवत आहेत. सेक्रेटरींना नियमावलीत सायकली, कुंड्या आणि जुने टायर सापडले, शवपेटी सापडेना, म्हणून त्यांनी "अवेळी आणलेलं सामान" असा नवा प्रकार निर्माण केला. सर्वांत जास्त संतापले ते विमा एजंट. असल्या गोष्टी सभ्य वस्तीत बोलू नयेत, असं त्यांचं मत पडलं. ज्या माणसाने वीस वर्षं लोकांच्या बैठकीच्या खोलीत बसून "उद्या तुम्हाला काही झालं तर" या एका वाक्यावर संसार उभा केला, त्याचं हे मत होतं. ठराव झाला की पेटी तत्काळ हलवावी. हलवायला अर्थातच कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी काकांनी टेम्पोवाल्यांना बोलावून पेटी उभी, तिरपी, जिन्याच्या कठड्यावरून चढवून घरी आणली. ती हॉलमध्ये सोफ्याच्या मागे खिडकीखाली बसली. दुसरी जागाच नव्हती.

त्यानंतरचा आठवडा मोठा मौजेचा गेला. पहिल्यांदा आले एजंट. वर्तमानपत्र मागायला आले होते. वर्तमानपत्र हातात घेऊन जाता जाता त्यांनी सहज विचारलं की हे काम करतं कोण, पत्ता आहे का, म्हणजे एका लांबच्या नातेवाइकासाठी हवा होता. मग योगाच्या बाई आल्या, वेतातून लहरी आरपार जातात का ते बघून गेल्या, आणि समाधानाने गेल्या. शेवटी सेक्रेटरी आले, दार लावून घ्या म्हणाले, आणि त्यांनी पेटीशेजारी सोफ्यावर पाठ टेकून अंदाज घेतला. उंच माणसाला पुरेल का, असा त्यांचा प्रश्न होता. माझ्यासाठी नव्हे, एका मित्रासाठी. काकांनी सगळ्यांना पत्ता दिला आणि माप आतून की बाहेरून ते आधी विचारून घ्या, असं बजावलं. मरायला सगळेच तयार झाले होते, फक्त मित्राच्या किंवा लांबच्या नातेवाइकाच्या नावावर.

काकू मात्र पेटीवरची धूळ तेवढी रोज पुसत. काकांनी विषय काढला की दूध होतंच. काकांनी शेवटी आशा सोडली. आखूड पेटी, दोन विभाग, प्लॅस्टिकची चाकं आणि न ऐकणारी बायको. एवढ्यानंतर गुलाबी सॅटिन काय वाईट, असंही एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं.

त्या दुपारी ते चाकं सोडवायला एक पकड विकत आणून घरी परतले. दार लोटलेलं होतं. हॉलमध्ये कुणी दिसेना. सोफ्याच्या मागे पाहिलं तर पेटीचं झाकण उघडं, आणि आत काकू. सरळ पाठीवर निजलेल्या, चष्मा काढून, दोन्ही हात पोटावर, नजर छताला. डोक्यापासून पायापर्यंत कुठे अडचण नाही, कुठे फट नाही. बेतून शिवल्यासारखी पेटी त्यांना बसली होती. काकांच्या हातातली पकड खाली पडली.

"अगं, हे काय?"

"माप बघतेय," काकू म्हणाल्या. "तुम्हाला आखूड होते ना. मला अगदी बरोबर आहे."

"ऊठ बघू आधी."

"थांबा जरा. पाठीला बरं वाटतंय." त्यांनी मान थोडी वळवली. "तुम्हाला वाटलं, मी ऐकत नव्हते? स्वयंपाकघर इतकं का लांब आहे? सगळं ऐकलंय मी. पॉलिश नको, सिमेंट नको, सुती चादर. बरं, तसंच करू."

इतके दिवस जे वाक्य ऐकायला काका तळमळत होते, ते हेच. त्यांनी मान डोलावली. आता आनंद व्हायला हवा होता.

"झाड मात्र फार पानं गळणारं नको," काकू पुढे म्हणाल्या. "झाडलोट करायला कोण येणार रोज? आणि ही पेटी आता माझी. तुमच्यासाठी दुसरी मागवा, आतून माप घेऊन. माझ्या नकाशात चष्मा दाखवू नका, मला निजताना लागत नाही."

माझ्या नकाशात. काका तिथेच सोफ्याच्या पाठीला धरून उभे राहिले. त्यांनी सगळं आखलं होतं. खोली, रुंदी, मातीचा थर, मुळांना जागा. पण प्रत्येक कागदावर खाली ते होते आणि वर, झाडाशी, काकू उभ्या होत्या. उलटा कागद त्यांनी कधी काढलाच नव्हता. आपण आधी जाणार, मागचं सगळं ही निभावणार, आणि आपण फक्त मोठ्या मनाने सूचना देऊन ठेवायच्या, असा सोयीचा हिशेब त्यांनी न बोलता धरला होता. समोर पेटीत ती अगदी बरोबर बसली होती. ही नसली तर घरात दूध बघायला कोण उठणार, आणि कुणाला टाळून?

"काहीतरी चांगलं बोल की जरा," काका म्हणाले.

"माणूस मरतो तर मरतो म्हणावं. तुम्हीच म्हणता ना?"

डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून काका पाठमोरे झाले आणि स्वयंपाकघराच्या दिशेने चालू लागले.

"दूध बघतो हं," ते म्हणाले.

"बसा इथे," पेटीतून काकू म्हणाल्या. "गॅसवर दूध नाहीये."